जोड दिसला की जॉब परत

कम्प्युटरवर व्हॉट्सॅप वेब उघडा आणि मेसेजांच्या मागे बघा. बारीक रेघांची चित्रं दिसतील. रोज शंभरदा नजरेखालून गेलेली, पण निरखून एकदाही न बघितलेली. ही चित्रं एका छोट्या चौकोनात काढलेली आहेत आणि तो चौकोन शेजारीशेजारी, खालीवर लावत सगळी जागा भरलेली आहे. बाथरूमला टाइल्स लावतात, तशीच. फरक इतकाच, की बाथरूममध्ये दोन टाइल्सच्या मधे पांढऱ्या सिमेंटची रेघ दिसते आणि इथे ती दिसत नाही. एक चौकोन कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे शोधायला बसलात तर चहा गार होईल.

मी वेबसाइट आणि ॲपची पानं डिझाइन करते. अशा चौकोनाला आमच्याकडे ‘सीमलेस टाइल’ म्हणतात. मराठीत याला जुना आणि जास्त नेमका शब्द आहे: बेमालूम. फाटलेला कोट रफूवाल्याकडून परत आला आणि भोक कुठे होतं तेच सापडेना, की आपल्याकडे म्हणायचे, बेमालूम रफू केलाय.

हा लेख त्या बेमालूम जोडाच्या इतिहासाबद्दल आहे. तो इतिहास लंडनमधल्या वॉलपेपरपासून आणि कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटरपासून सांगायची पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. पण मी चिंचवडला राहते. त्या इतिहासातलं एक प्रकरण इथून काही किलोमीटरवर, भोसरी-चाकणच्या गाळ्यांमध्ये घडलं आहे. ते आपण रोज हाताने चाचपतो आणि तरी आपल्याला ते माहीत नसतं.

खण आणि गोधडी

सुरुवात घरातल्या कपाटापासून करू. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे तुकडे असतात. त्यांचे जोड उघड दिसतात, टाके तर मुद्दाम दिसावेत असेच घातलेले असतात. हा तुकडा कुणाच्या साडीचा, तो कुणाच्या झबल्याचा, हे सांगता येणं हीच गोधडीची श्रीमंती.

त्याच कपाटात खण असतो. बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे खण विणण्यासाठी प्रसिद्ध गाव. आता ते कर्नाटकात आहे, पण तिथला खण महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेला. खणावर एकच छोटी नक्षी ओळीने विणलेली असते. त्यामुळे तो कुठूनही कापला तरी चालतं. चोळी शिवा, बाहुलीचं परकर-पोलकं शिवा, नक्षी ‘मधेच तुटली’ असं वाटत नाही. गोधडी प्रत्येक तुकड्याची ओळख जपते. खणावर एक इंच आणि दुसरा इंच यांत फरकच नसतो.

माझ्या धंद्यातली पार्श्वभूमीची नक्षी खणाच्या घराण्यातली आहे. पण विणकराला जे मागावर आपोआप मिळतं, ते छपाईवाल्याला कमवावं लागतं. लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर एकदा उमटवला, मग सरकवून पुन्हा उमटवला, तर दोन उमटींच्या मधे फट राहता कामा नये आणि रेघ एकमेकींवर चढताही कामा नये. उजव्या कडेवर अर्धं कापलेलं पान पुढच्या उमटीच्या डाव्या कडेवर पुरं झालं पाहिजे.

यासाठी चित्रकारांनी एक साधी युक्ती काढली. कागदाच्या मधोमध चित्र काढा, कडा कोऱ्या ठेवा. मग कागद उभा-आडवा कापून चार तुकडे करा आणि त्यांच्या जागा बदला: वरचा डावा खाली उजवीकडे, वरचा उजवा खाली डावीकडे. आता आधीच्या कडा मधे आल्या आणि त्यांच्याभोवती कोरी जागा आली. तिथे उरलेलं चित्र पुरं करा. हा कागद कितीही वेळा शेजारीशेजारी ठेवला तरी जुळतो. फोटोशॉपमध्ये ‘ऑफसेट’ नावाचा फिल्टर आहे, तो नेमकं हेच करतो. कात्री तेवढी गेली.

जोड लपला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. समजा लाकडाच्या नक्षीत एक गाठ जरा गडद आहे. चौकोन वीस वेळा लागला की ती गाठ वीस वेळा दिसते, तीही सैनिकांसारखी रांगेत. डोळा लगेच अडकतो. म्हणून वॉलपेपरवाले प्रत्येक पुढची पट्टी अर्ध्या नक्षीने खाली सरकवायला लागले, म्हणजे रांग मोडते. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसचे वॉलपेपर 1864 पासून बाजारात आले. ते लाकडी ठशांनी, एकेक रंग वेगळा छापून तयार व्हायचे. त्यांतली पानं-फुलं अशी एकमेकांत गुंतवलेली असत, की नक्षी पुन्हा कुठे सुरू झाली ते पटकन सापडू नये.

गंमत म्हणजे या सगळ्या खटपटीला गणिताची एक हद्द आहे. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी नक्षी फिरवून-उलटवून भरत नेण्याचे मूलभूत प्रकार फक्त 17 आहेत. रशियन गणिती फेदोरोव्हने 1891 मध्ये हे सिद्ध केलं. खण, जाळी, फरशी, व्हॉट्सॅप, सगळं त्या सतरांतच बसतं.

आठ बाइटची भिंत

1984 मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्याचा पडदा 512 बाय 342 ठिपक्यांचा, फक्त काळा आणि पांढरा. पडदाभर एखादं चित्र साठवून ठेवायचं तर 21,888 बाइट लागले असते, आणि यंत्राची सगळी मेमरी होती 128 किलोबाइट. म्हणून पडद्यामागची नक्षी 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनातून तयार व्हायची. चौसष्ट ठिपके म्हणजे आठ बाइट. ते आठ बाइट पुन्हा पुन्हा लावून सगळी भिंत रंगवायची. मॅकची चित्रचिन्हं काढणाऱ्या सुझन केअर यांनी अशा नक्ष्यांवरही काम केलं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही ते काम लगेच कळेल.

पुढची पायरी 1995. त्या वर्षी नेटस्केप ब्राउझरमध्ये पानामागे चित्र लावायची सोय आली. चित्र लहान असलं तर ब्राउझर ते आपणहून पुन्हा पुन्हा लावायचा. त्याच वर्षी 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. डायलअपचा वेग होता सेकंदाला 9,600 बिट, म्हणजे 1,200 बाइट. आता हिशेब करा. 640 बाय 480 आकाराचं, 256 रंगांचं चित्र न दाबता पाठवलं तर 3,07,200 बाइट होतात. ते उतरायला सव्वाचार मिनिटं लागणार. 64 बाय 64 चा चौकोन 4,096 बाइटचा. तो साडेतीन सेकंदांत हजर. त्या काळातल्या वेबसाइटवर संगमरवर, ढग, विटा, चुरगळलेला कागद असल्या पार्श्वभूमी का असायच्या, याचं उत्तर या भागाकारात आहे. हौस होतीच, पण कंजुषीसुद्धा होती.

म्हणजे ठसा असो, आठ बाइट असोत की 64 चा चौकोन, कारण एकच: थोडक्यात खूप जागा झाकायची. कारखान्यांना तर याहून जवळचा विषय नाही. म्हणून आता आपण पिंपरीला येऊ.

पत्र्याचं गाव

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटर आणि रिक्षा, पिंपरी-चिंचवडला टेल्को, आणि त्यांच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे शेकडो गाळे आले. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. हे सगळं तुम्ही शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलं असेल. त्यात पृष्ठभागाबद्दल काही नसतं, म्हणून तेवढं मी सांगते.

ते गाव पत्र्याचं होतं. स्कूटर पत्र्याची, टेम्पो पत्र्याचा, ट्रकचा डॅशबोर्डसुद्धा पत्र्याचा. पत्र्याला रंग देतात, नक्षी देत नाहीत. नक्षी असायची ती पाय ठेवायच्या रबरी मॅटवर आणि सीटवर. सीटचं कापड म्हणजे रेक्झिन.

रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीच्या मालाचं नाव. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर देऊन त्यावर चामड्यासारख्या सुरकुत्या उठवायच्या, असा तो माल. पुढे त्या थराची जागा पीव्हीसीने घेतली, पण आपल्याकडे नाव रेक्झिनच राहिलं. दप्तर रेक्झिनचं, रिक्षाचं हूड रेक्झिनचं, दवाखान्यातलं बाकडं रेक्झिनचं.

या सुरकुत्या येतात नक्षी कोरलेल्या पोलादी रोलरमधून. गरम, मऊ कापड त्याच्याखालून गेलं की नक्षी उमटते. आणि इथे जुना प्रश्न नव्या रूपात येतो: रोलर गोल आहे, म्हणजे नक्षीची सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटणार. तो जोड चुकला तर ठरावीक अंतरावर एक आडवी रेघ येत राहणार. रोलरचा व्यास 20 सेंटिमीटर असेल तर दर 63 सेंटिमीटरला. जनावराच्या कातडीवर अशी रेघ नसते. त्यामुळे एका रेघेने सगळं सोंग उघडं पडतं.

या मालाशी जोडलेला एक खटला मला फार आवडतो. मुंबईची भोर इंडस्ट्रीज पीव्हीसीची कच्ची फिल्म तयार करायची आणि स्वतःच्याच कारखान्यात तिच्यापासून पुढे लेदरक्लॉथसारखा माल बनवायची. एक्साइज खात्याचं म्हणणं होतं, की फिल्म तयार झाली तेव्हाच कर लागू झाला. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. जी वस्तू बाजारात विकली जाऊ शकत नाही, ती करासाठी ‘माल’ ठरत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. खटला कराचा होता, नक्षीशी त्याचा संबंध नव्हता. पण तो वाचल्यापासून गुळगुळीत प्लास्टिकचा कोरा पन्हा बघितला की मला वाटतं, याला अजून चेहरा यायचाय.

पोलादावरची कातडी

पत्र्याच्या जागी प्लास्टिक हळूहळू आलं. या पट्ट्यातली ठळक खूण म्हणजे इंडिका. 30 डिसेंबर 1998 ला टेल्कोने ती बाजारात आणली, तीही पिंपरीच्या कारखान्यातून. पुढे 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले. प्रत्येक गाडीत डॅशबोर्ड, दाराचं पॅनल, ग्लोव्हबॉक्स, हँडल. प्रत्येक प्लास्टिक भागामागे एक पोलादी मोल्ड. आणि बहुतेक मोल्डच्या आतल्या बाजूला नक्षी.

तिला इथे ‘ग्रेन’ किंवा नुसतं ‘टेक्श्चर’ म्हणतात. ती शोभेपुरती नसते. वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये शिरतं तेव्हा त्याच्या वाहण्याच्या खुणा राहतात, जाड ठिकाणी खळगे पडतात, दोन प्रवाह भेटतात तिथे रेघ येते. गुळगुळीत भागावर हे सगळं दिसतं, खरबरीत भागावर बरंचसं झाकलं जातं. शिवाय चकाकणारा डॅशबोर्ड समोरच्या काचेत उमटतो आणि ड्रायव्हरला त्रास होतो. ओरखडेही कमी दिसतात. आणि हो, चामड्यासारखं वाटतं.

माझा मामा भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करत आला. आयटीआयचा फिटर, मग पॉलिशवाला, मग टेक्श्चरवाला. त्याच्याकडून मी जे ऐकलं ते असं.

मोल्ड आधी पॉलिश करून तेल-डाग काढून स्वच्छ करायचा. नक्षी एका पातळ फिल्मवर आम्लाला न जुमानणाऱ्या शाईत छापलेली असते. ती फिल्म मोल्डवर चिकटवायची, घासून शाई पोलादावर उतरवायची आणि फिल्म सोलून काढायची. जिथे शाई आहे तिथे पोलाद वाचतं, जिथे नाही तिथे आम्ल ते खातं. खोली किती? मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत, बरेचदा त्याहून कमी. पण नक्षी जितकी खोल, तितका भाग मोल्डमधून निघताना अडकतो, म्हणून भिंतींना उतार द्यावा लागतो. टूलरूममधला ढोबळ नियम: 0.025 मिलिमीटर खोलीला दीड अंश. गाडीच्या डिझायनरला उभी भिंत हवी असते आणि खोल चामडं पण हवं असतं. दोन्ही मिळत नाही.

खरी परीक्षा फिल्मच्या कडांची. फिल्म सपाट आणि डॅशबोर्ड वळणावळणाचा. सपाट कागदात नारळ गुंडाळून बघा, म्हणजे अडचण कळेल. फिल्म तुकड्यांमध्ये कापावी लागते आणि तुकड्यांचे जोड येतातच. तिथे मामासारखी माणसं बारीक ब्रश आणि पेन घेऊन बसतात. चामड्याची एकेक सुरकुती हाताने ओढून या तुकड्यातून त्या तुकड्यात नेतात. काही टन वजनाच्या पोलादावर, दिव्याच्या तिरप्या उजेडात, तासन् तास. मग आम्ल. नायट्रिक आम्लाचा तांबूस धूर काय असतो, हे मामा सांगत नाही. त्याच्या जुन्या शर्टांच्या बाह्या सांगतात.

“जोड दिसला की जॉब परत,” मामा म्हणतो. परत म्हणजे सगळी नक्षी घासून काढायची, पुन्हा पॉलिश, पुन्हा पहिल्यापासून. तारीख गेली, पैसे गेले.

मी त्याला विचारलं, “मामा, जोड दिसतोय की नाही हे तुम्ही कसं ठरवता?”

“अगं, डोळे बारीक करायचे आणि लांब उभं राहायचं. शोधायचं नाही, नुसतं बघायचं. डोळा आपोआप अडखळला तर जोड तिथंच.”

डिझाइनच्या कोर्समध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. तिथे त्याला ‘स्क्विंट टेस्ट’ म्हणतात.

फोनने चामडं काढलं

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, आयपॅडच्या कॅलेंडरला एकेकाळी चामड्याची पट्टी आणि शिवणीचे टाके होते. 2013 मध्ये आयओएस 7 आलं आणि असला साज उतरला. पाठोपाठ इतरांनीही सपाट रंग घेतले. आमच्या धंद्यात त्यानंतर कित्येक वर्षं टेक्श्चर हा शब्द उच्चारणं म्हणजे कालबाह्य ठरणं होतं.

त्याच वर्षांत चाकणच्या रस्त्यांवरून चामड्याची नक्कल करणारे डॅशबोर्ड लादलेले ट्रक रोज जात होते. फोनच्या काचेला खळगे झाकायचे नव्हते, ओरखडे लपवायचे नव्हते, म्हणून तिने नक्षी सोडली. प्लास्टिकला ती सोडता येत नव्हती. पृष्ठभागाची फॅशन आपण डोळ्यांनी ठरवतो असं आपल्याला वाटतं. बरंचसं ती वस्तू कशी बनते यावर ठरतं.

आता मात्र गाळ्यांमध्येही बदल आला आहे. पाच अक्षांवर फिरणारं लेझर मशीन नक्षी थेट पोलादात जाळतं. फिल्म नाही, शाई नाही, आम्ल नाही. धूर गेला याचा मामाला आनंद आहे, आणि तो खरा आहे. पण लेझरला नक्षी आधी कम्प्युटरवर लागते: काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांचं चित्र, जितका ठिपका काळा तितकं खोल. ते चित्र डॅशबोर्डच्या त्रिमितीय आराखड्यावर पांघरावं लागतं. सपाट कागद आणि नारळ, अडचण तीच. जोड तिथेही येतात आणि तिथेही कुणीतरी बसून ते लपवतं, आता माउसने. ते काम माझ्या कामासारखं दिसतं, एसी खोलीत होतं आणि त्यासाठी सॉफ्टवेअर येणारी माणसं मागतात.

माझं म्हणणं इथे आहे. डोळा कुठे अडखळतो हे ओळखायला मामाला वीस वर्षं लागली. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकता येतं. तरी भरतीच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरचं नाव असतं, नजरेचं नसतं. कारण ती नजर कुठे नोंदलेलीच नाही. मॉरिसची नक्षी मॉरिसच्या नावाने ओळखली जाते, मॅकची चित्रं केअर यांच्या. भोसरीतला जोड इतका चांगला लपला, की लपवणाऱ्याचं नावही त्याबरोबर लपलं. बेमालूम कामाचा हा जुना तोटा आहे: ते जमलं की कुणी केलं असं विचारायचं कारणच उरत नाही.

मामाच्या शॉपमध्ये एक गोष्ट चांगली झाली. लेझरवर बसणाऱ्या नव्या मुलीने एक दिवस स्क्रीन वळवून त्याला विचारलं, “काका, हे बघा ना, कुठं खटकतंय.” त्याने डोळे बारीक केले, दोन पावलं मागे सरकला आणि बोट ठेवलं. तिने तिथली सुरकुती बदलली. आता ती रोज विचारते. हे कुणाच्या पगारपत्रकावर नाही, पण बाकीच्या शॉपमध्ये असायला हवं असं मला वाटतं. आणि पगारपत्रकावरही.

पुढच्या वेळी गाडीत पुढे बसलात तर एअरबॅगच्या झाकणाची कड बघा, किंवा एसीच्या जाळीशेजारचा कोपरा, जिथे दोन भाग भेटतात. एका भागावरची सुरकुती दुसऱ्या भागावर पुढे जाते का, बोट फिरवून तपासा. तुटलेली सापडली तर कुठेतरी घाई झाली असेल. काहीच सापडलं नाही, तर तिथे कुणाचा तरी अख्खा दिवस गेलेला आहे.